दोनशे दहा संगणक, एक लाइन: अपडेटसाठी स्थानिक प्रॉक्सी उभारल्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी असलेले एक अभियांत्रिकी महाविद्यालय. नाव आणि ओळखीचे तपशील वगळले आहेत, आकडे थोडे ढोबळ केले आहेत. सहा लॅब, प्रत्येकीत ३५ संगणक. हे २१० संगणक उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर चालतात. कार्यालय, ग्रंथालय आणि प्राध्यापकांच्या खोल्या मिळून आणखी साठेक विंडोज संगणक. या सगळ्यांसाठी १०० एमबीपीएसची एकच लीज्ड लाइन (भाड्याची खास इंटरनेट जोडणी). व्यवस्था बघायला एक सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर आणि दोन लॅब असिस्टंट.

लॅबमधले सगळे संगणक एकाच तयार इमेजवरून (संपूर्ण डिस्कच्या नमुना प्रतीवरून) क्लोन केलेले होते. त्या इमेजमध्ये आपोआप अपडेट सुरू होते, आणि ‘सिक्युरिटी’ विभागाबरोबर ‘अपडेट्स’ विभागही चालू ठेवला होता. संध्याकाळी साडेपाचला असिस्टंट लॅबचा मुख्य स्विच बंद करून जातो. वीजबिल आणि सुरक्षितता या दोन्हींसाठी ती प्रथा योग्य आहे, पण पुढच्या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

अडचण

आठवड्यातून एक-दोन दिवस सकाळी साडेनऊ ते दुपारपर्यंत इंटरनेट जवळजवळ बंद पडायचे. हजेरीचे पोर्टल उघडायचे नाही, फीचे ऑनलाइन भरणे अडायचे, आणि एकदा ऑनलाइन प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना मुलांच्या पडद्यावर पान फिरतच राहिले. आधी संशय विद्यार्थ्यांच्या व्हिडिओंवर गेला, मग लाइन देणाऱ्या कंपनीवर. दोन्ही तक्रारी निष्फळ ठरल्या. फायरवॉलवर सर्वाधिक वापराची यादी काढली तेव्हा वरची जवळपास सगळी वाहतूक लॅबमधून उबुंटूच्या सर्व्हरांकडे जाताना दिसली.

कारण लॅबमधल्या संगणकांच्या टायमरमध्ये होते. उबुंटूत सॉफ्टवेअर पॅकेजेसच्या रूपात येते आणि ‘ॲप्ट’ हे साधन ती उतरवून बसवते. त्याच्या अपडेटचे दोन टायमर असतात. ‘ॲप्ट-डेली’ याद्या ताज्या करून पॅकेजेस उतरवतो. ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड’ ती बसवतो, आणि काही उतरवायचे राहिले असेल तर तेही उतरवतो. दुसऱ्याची ठरलेली वेळ सकाळी ६ ची आणि त्यानंतर उशीर होण्याची सवड फक्त ६० मिनिटांची. दोन्हींवर ‘पर्सिस्टंट’ ही सेटिंग चालू असते, म्हणजे संगणक बंद असताना वेळ चुकली तर सुरू झाल्यावर ते काम भरून काढले जाते. रात्री बंद असलेल्या २१० संगणकांची सहाची वेळ रोजच चुकायची, आणि लॅब उघडली की पहिल्या तासाभरात सगळे एकदम तेच काम हाती घ्यायचे.

हिशेब सरळ आहे. कर्नल (प्रणालीचा गाभा), त्याची मॉड्यूल्स, हेडर आणि हार्डवेअरला लागणारे फर्मवेअर एकाच आठवड्यात आले की एका संगणकामागे ६०० एमबीपर्यंत उतरवावे लागत होते. २१० गुणिले ६०० एमबी म्हणजे १२६ जीबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येतात. दुसरे काहीही न चालवता हे काम संपायला दोन तास ४८ मिनिटे लागतात. आणि ते १२६ जीबी म्हणजे त्याच ६०० एमबीच्या २१० प्रती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना आली ती सत्रभर अपडेट बंद ठेवून सुट्टीत हाताने करण्याची. ती सर्वांत सोपी होती आणि सर्वांत घातक. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय विंडोजमधील ज्या त्रुटीवर पसरला, तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती आणि हल्ला १२ मे २०१७ ला झाला. मधले दोन महिने ज्यांनी अपडेट लावले नाही, ते सापडले. महाविद्यालयाचे सत्र त्याहून मोठे असते.

दुसरा पर्याय लाइन वाढवण्याचा. ३०० एमबीपीएस घेतली तरी तोच साठा उतरायला ५६ मिनिटे पूर्ण लाइन व्यापून राहील, आणि भाडे दरवर्षी द्यायचे. गर्दी कमी झाली असती, पण एकच फाइल दोनशे वेळा आणणे तसेच चालू राहिले असते.

तिसरा, उबुंटूचा संपूर्ण मिरर (सगळ्या पॅकेजेसची स्थानिक प्रत) महाविद्यालयातच ठेवणे. त्याला किमान शेकडो जीबी जागा लागते, आणि लॅबमध्ये कोणीही कधी न बसवणारी हजारो पॅकेजेसही रोजच्या सिंकमध्ये येत राहतात. जिथे इंटरनेट दिवसेंदिवस नसते किंवा लॅब बाहेरच्या जगापासून तोडलेली असते, तिथे मिरर हेच उत्तर आहे. इथे तशी गरज नव्हती.

राहिली कॅशिंग प्रॉक्सी: पहिल्या संगणकाने मागितलेली फाइल एकदा आणायची, स्वतःच्या साठ्यात (कॅशेत) ठेवायची, पुढच्या सगळ्यांना आतूनच द्यायची. इथे खरी निवड स्क्विड ही सर्वसाधारण प्रॉक्सी आणि खास ॲप्टसाठी बनलेली ॲप्ट-कॅशर-एनजी यांच्यात होती. स्क्विड ॲडमिनिस्ट्रेटरच्या ओळखीचे होते आणि कोणत्याही एचटीटीपी वाहतुकीला चालते. पण मूळ सेटिंगमध्ये ते या कामाला पुरत नाही. कॅशेत ठेवायच्या फाइलची कमाल मर्यादा ४ एमबी असते, त्यामुळे दोनशे एमबीहून मोठे फर्मवेअरचे पॅकेज ठेवलेच जात नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ‘कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग’ मुळात बंद असते. म्हणजे कॅशेत नसलेली फाइल ३५ जणांनी एकदम मागितली तर स्क्विड ती बाहेरून ३५ वेळा आणायला निघते. लॅबमध्ये सगळे एकदम मागतात हाच तर प्रश्न होता. दोन्ही सेटिंग बदलता येतात, पण ‘ही यादीची फाइल, रोज बदलते, ही पॅकेजची फाइल, कधीच बदलत नाही’ हा फरक स्क्विडला नियम लिहून शिकवावा लागतो. ॲप्ट-कॅशर-एनजीला तो जन्मतःच कळतो, आणि एखादी फाइल उतरत असतानाच ती मागणाऱ्या इतरांनाही पुरवत राहणे त्याला जमते. निवड त्याची झाली.

सुरक्षेचा प्रश्न बैठकीत विचारला गेला, आणि तो रास्त होता: साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीने मधल्या यंत्रातून येणाऱ्या पॅकेजवर विश्वास कसा ठेवायचा? ॲप्ट ज्या यादीवर विसंबते तिच्यावर डिजिटल सही असते आणि प्रत्येक पॅकेजचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) त्या यादीशी पडताळला जातो. प्रॉक्सीने फाइल बदलली तर ती बसणार नाही. या संरक्षणाला जानेवारी २०१९ मध्ये एकदा तडा गेला होता. सीव्हीई-२०१९-३४६२ या त्रुटीमुळे मधल्या माणसाला रिडायरेक्टच्या (मागणी दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याच्या) आडून खोटे पॅकेज घुसवता येत होते. ती दुरुस्त झाली आहे. तरीही प्रॉक्सीचे यंत्र हे लॅबमधला आणखी एक डबा समजून कोणाच्याही हाती सोपवू नये, असा अर्थ त्यातून घेतला गेला.

काय केले

जुना आय५ डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, गिगाबिट पोर्ट. एवढे यंत्र पुरते, कारण सगळ्यांना एका वेळी त्याच फाइल हव्या असतात आणि त्या बहुतांशी रॅममधूनच दिल्या जातात. गिगाबिटवरून १२६ जीबी वाटायला कागदावर १७ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात अडथळा सर्व्हरवर न येता एका जुन्या लॅबच्या स्विचवर आला. त्याचा अपलिंक (मुख्य नेटवर्कशी जोडणारा दुवा) १०० एमबीपीएसचा निघाला, म्हणजे ३५ संगणकांच्या २१ जीबीला २८ मिनिटे. तो स्विच बदलला.

प्रॉक्सीची सेवा ३१४२ या नेटवर्क पोर्टवर चालते आणि मुळात यंत्राच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकते. तिला अंतर्गत पत्त्याशी बांधले, फायरवॉलमध्ये फक्त लॅबच्या व्हीलॅनना (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांना) परवानगी दिली आणि अहवालाच्या पानावरील देखभालीच्या कृतींना पासवर्ड लावला. क्लायंटवर एकच ओळ जोडायची होती: ॲप्टच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट. अनेक संगणकांवर एकदम बदल करणाऱ्या ॲन्सिबल या साधनाने ती सगळीकडे पाठवली.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी अडल्या.

एक, बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी दिसली. काही लॅबच्या सोर्स यादीत (पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या फाइलीत) भारतातील मिररचा पत्ता होता, काहींत मुख्य सर्व्हरचा, एका लॅबमध्ये कोणीतरी हाताने टाकलेला तिसराच. प्रॉक्सीच्या ओळखीच्या मिररच्या यादीत जो पत्ता नाही, त्याचा साठा वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि तीच फाइल दोनदा येते. सगळीकडे एकच पत्ता केल्यावर हे थांबले.

दोन, बाहेरच्या काही रिपॉझिटरी (पॅकेजेसचे साठे) कूटबद्ध एचटीटीपीएसवरच आहेत. वेगळी प्रॉक्सी दिली नसेल तर ॲप्ट एचटीटीपीएससाठीही हीच प्रॉक्सी वापरते, आणि ॲप्ट-कॅशर-एनजी बोगदा (आपल्यातून आरपार जाणारी बंद जोडणी) नाकारून ४०३ ची चूक देते. घाईत सगळ्या पत्त्यांना पास-थ्रू (आरपार जाण्याची मुभा) देण्याचा मोह होतो. तसे केले तर प्रॉक्सी लॅबमधल्या कोणालाही कुठेही जायचे दार बनते. इथे गरजेच्या दोन-तीन होस्टना नावाने परवानगी दिली. पास-थ्रूने आलेले कॅशे होत नाही. ज्यांचा साठा हवा होता त्यांचे पत्ते ॲप्ट-कॅशर-एनजीच्या खास पद्धतीने लिहिले: क्लायंट प्रॉक्सीकडे एचटीटीपीने येतो, प्रॉक्सी पुढे एचटीटीपीएसने जाते.

तीन, ॲप्टची वाहतूक कमी झाली तरी सकाळी लाइन काही वेळ भरायचीच. उरलेली वाहतूक स्नॅपची, म्हणजे उबुंटूच्या दुसऱ्या पॅकेज पद्धतीची होती. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट तपासतो, आणि तो ॲप्टच्या प्रॉक्सीकडे वळूनही बघत नाही. स्नॅपसाठी वेगळी प्रॉक्सी मिळते, पण एका ब्राउझरसाठी तिचा डेटाबेस आणि नोंदणी सांभाळणे जड होते. मोझिलाच्या स्वतःच्या ॲप्ट रिपॉझिटरीतून फायरफॉक्स बसवायचे ठरले. यात एक खाच आहे. उबुंटूच्या रिपॉझिटरीतही ‘फायरफॉक्स’ नावाचे पॅकेज आहे, जे फक्त स्नॅप बसवते आणि ज्याचा आवृत्ती क्रमांक मुद्दाम मोठा ठरेल असा आहे. मोझिलाच्या स्रोताला १००० चे प्राधान्य दिले नाही, तर पुढच्या अपग्रेडमध्ये स्नॅप परत येतो. शिवाय आपोआप अपडेटच्या अनुमत स्रोतांत मोझिलाचे नाव घालावे लागते. नाहीतर ब्राउझर जुनाच राहतो, आणि लॅबमध्ये सर्वाधिक धोका ब्राउझरलाच असतो.

टायमरही बदलले. रात्री संगणक दुरून जागे करण्याचा विचार मुख्य स्विचमुळे बाद झाला. संध्याकाळची वेळ नको होती: पॅकेज बसत असताना वीज गेली की डीपीकेजीचे (ॲप्टच्या आतल्या, प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाचे) काम अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक संगणकावर हाताने दुरुस्ती करावी लागते. जेवणाच्या सुट्टीतील पाऊण तास निवडला, ३० मिनिटांची सवड ठेवली आणि ‘पर्सिस्टंट’ बंद केले. टायमर बदलताना जुनी वेळ रिकाम्या ‘ऑनकॅलेंडर’ ओळीने आधी पुसावी लागते. ती ओळ विसरली तर नवी वेळ जुनीत मिसळते आणि दोन्ही चालतात.

विंडोजसाठी डब्ल्यूएसयूएसचा (स्थानिक सर्व्हरवरून विंडोज अपडेट वाटण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचा) विचार झाला. साठ संगणकांसाठी विंडोज सर्व्हरचा परवाना आणि त्या डेटाबेसची सततची साफसफाई परवडणारी नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूएसयूएसचा नवा विकास थांबवल्याचे जाहीरही केले. संगणकांनी आपापसांत तुकडे वाटून घेण्याची विंडोजमधील डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ही सोय वापरली. तिला व्हीलॅनांच्या दरम्यान टीसीपी पोर्ट ७६८० मोकळे लागते, आणि ४ जीबीपेक्षा कमी रॅमचे संगणक मुळात वाटपात भाग घेत नाहीत. विंडोजचा विषय एवढ्यावर मिटला.

निर्णायक वळण: प्रॉक्सी पडली तर काय?

प्रॉक्सी बसवणे एका दुपारचे काम आहे. ती नसेल तेव्हा २१० संगणकांनी कसे वागायचे हे ठरवणे अवघड असते, आणि इथे ते पहिल्या फेरीत नीट ठरले नव्हते.

सुरुवातीला प्रत्येक संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट होती: ३१४२ वर कोणी ऐकत असेल तर प्रॉक्सी वापर, नाहीतर थेट बाहेर जा. सोय म्हणून ती चांगली वाटते. दीड महिन्यानंतर प्रॉक्सीच्या यंत्राचा यूपीएस बंद पडला. दुपारी सव्वाएकला सगळी लॅब थेट बाहेर गेली आणि लाइन पुन्हा पूर्वीसारखी भरली. तासभर हे कशामुळे होते आहे हेच कळेना, कारण एकाही संगणकावर चूक दिसत नव्हती. त्यांच्या दृष्टीने अपडेट व्यवस्थित चालू होते.

म्हणून थेट जाण्याची वाट काढून टाकली. लॅबचे अपडेट एक दिवस उशिरा झाले तर चालते, परीक्षेच्या वेळी लाइन बंद पडलेली चालत नाही. प्राध्यापक घरी नेतात त्या लॅपटॉपवर मात्र ती स्क्रिप्ट तशीच ठेवली, कारण बाहेर गेल्यावर त्यांना प्रॉक्सी मिळणारच नाही.

या निर्णयाची दुसरी बाजू दोन महिन्यांनी पुढे आली. एक असिस्टंट हाताने पॅकेज बसवत असताना चुका दिसल्या आणि कळले की अडीच आठवडे कोणत्याच लॅबचे अपडेट झालेले नाही. प्रॉक्सीची डिस्क भरली होती. सेवा चालू होती, पोर्ट ऐकत होते, पिंगला उत्तर येत होते, फक्त नवी फाइल ठेवायला जागा नव्हती. ॲप्टची याद्या ताज्या करण्याची आज्ञा अशा अपयशात इशारा छापते, जुन्या याद्या वापरते आणि बाहेर पडताना यशाचाच संकेत देते. त्या संकेतावर विसंबणारी देखरेख त्यामुळे फसली.

डिस्क भरण्याचे कारण शिकण्यासारखे आहे. ॲप्ट-कॅशर-एनजी रोज जुनी पॅकेजेस काढून टाकते. पण एखाद्या रिपॉझिटरीची यादी ताजी करता आली नाही तर सावधगिरी म्हणून ती साफसफाई अर्धवट सोडते, कारण कोणती फाइल खरोखर निरुपयोगी झाली हे तिला खात्रीने सांगता येत नाही. एका प्रकल्पासाठी कोणीतरी जोडलेले बाहेरचे पीपीए (उबुंटूबाहेरच्या कोणी चालवलेली छोटी रिपॉझिटरी) बंद झाले होते. त्याची यादी मिळेना, म्हणून सगळ्यांचीच सफाई थांबली. मेलेल्या पीपीएचा फोल्डर हटवून अहवालाच्या पानावरून सफाई चालवली तेव्हा निम्मी डिस्क मोकळी झाली.

यानंतर कॅशे स्वतंत्र ५०० जीबी डिस्कवर हलवला, म्हणजे तो भरला तरी मूळ प्रणाली अडत नाही. दर तासाला तीन तपासण्या लावल्या: डिस्कची मोकळी जागा, शेवटची सफाई पूर्ण झाली का, आणि प्रॉक्सीमार्फत सहीची यादी खरोखर मागवून तिची तारीख पाहणे. याखेरीज प्रत्येक लॅबमधल्या एका संगणकावर, आपोआप अपडेटच्या नोंदीत सात दिवसांत यश दिसले नाही तर मेल जातो. उपयोग सर्वाधिक याच शेवटच्या तपासणीचा होतो. बाकीच्या तपासण्या प्रॉक्सीची तब्येत सांगतात, ही लॅबची सांगते.

परिणाम

सकाळची कोंडी संपली. नव्या कर्नलच्या आठवड्यातही बाहेरून येणारे अपडेट एक-दीड जीबीत आटोपते; बाकीचे आतल्या आत वाटले जाते. दुपारच्या सुट्टीत सहाही लॅबचे काम उरकते. लाइन वाढवावी लागली नाही.

प्रॉक्सीने जे सुटत नाही तेही दिसले. वाईट अपडेट ती चांगल्या अपडेटइतक्याच वेगाने पोहोचवते. म्हणून तीन संगणक पायलट ठरवले, जे बाकीच्यांच्या आदल्या दिवशी हाताने पूर्ण अपग्रेड केले जातात. त्यातून चाचणीही होते आणि कॅशेही भरून राहतो. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते आणि कोणता संगणक कोणत्या टप्प्यात हे त्याच्या मशीन-आयडीवरून (प्रत्येक संगणकाला वेगळा असायला हवा अशा ओळख क्रमांकावरून) ठरते, त्यामुळे पायलटवर ‘टप्प्यातील अपडेट नेहमी घे’ ही सेटिंग चालू करावी लागली. नाहीतर पायलट मागे आणि लॅब पुढे असे उलटे घडते. याच तपासात क्लोन केलेल्या सगळ्या संगणकांचा मशीन-आयडी एकच असल्याचेही सापडले.

काय वेगळे करता आले असते

कॅशेला पहिल्या दिवसापासून वेगळी डिस्क आणि प्रॉक्सीमार्फत होणारी पूर्ण तपासणी असती, तर अडीच आठवड्यांची ती पोकळी एका दिवसात कळली असती. थेट जाण्याची वाट ठेवायची की नाही, हा निर्णय तांत्रिक सोयीने घेतला गेला. लॅबला उशीर चालतो का आणि किती, हे विभागप्रमुखांना आधी विचारायला हवे होते.

पायलटची निवडही चुकली. तिन्ही संगणक साध्या लॅबमधले होते. ग्राफिक्स कार्ड असलेल्या एआय लॅबमध्ये नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचे मॉड्यूल बांधले गेले नाही आणि ३५ संगणकांवर कार्ड दिसेनासे झाले. जुन्या कर्नलने बूट करून तास घेतले गेले. आता हार्डवेअरच्या प्रत्येक प्रकारामागे एक पायलट असतो.

२४.०४ वर जाताना लॅब एकेक करून बदलायच्या आहेत, म्हणजे काही महिने दोन्ही आवृत्त्यांची पॅकेजेस कॅशेत शेजारी राहतील आणि जागा दुप्पट लागेल. ५०० जीबीत ती बसते. त्याआधी इमेजमधला मशीन-आयडी रिकामा करायचा आहे, सोर्स यादीचा पत्ता एकच आहे का ते तपासायचे आहे, आणि मोझिलाच्या प्राधान्याची फाइल नव्या इमेजमध्ये आहे याची खात्री करायची आहे. पहिली लॅब एआयची घ्यायची असे ठरले आहे.